सोगोलोनची कैफियत

पश्चिम आफ्रिकेतील मांडे भाषिक समाजांत सुंजाताचे आख्यान शतकानुशतके सांगितले आणि गायिले जात आहे. तेराव्या शतकात माली साम्राज्याची स्थापना करणाऱ्या राजाचे हे चरित्र आहे. इ. स. १२३५ च्या सुमारास किरिनाच्या रणभूमीवर सोसोच्या सुमाओरो कांतेचा त्याने केलेला पराभव हा या चरित्राचा उत्कर्षबिंदू मानला जातो. त्यामुळे साम्राज्यस्थापनेची वीरगाथा म्हणूनच या आख्यानाचा विचार प्रामुख्याने झाला, आणि तो स्वाभाविकही आहे. तथापि या गाथेचा पूर्वार्ध रणभूमीवर घडत नाही. तो घडतो एका राजवाड्याच्या मागील अंगणात, आणि त्याच्या केंद्रस्थानी आहे एक स्त्री व तिचे चालता न येणारे मूल. आज ज्यांचा उल्लेख ‘विशेष गरजा असलेली मुले’ असा केला जातो, त्यांपैकी एका मुलाची बाजू त्याच्या आईने समाजासमोर कशी मांडली, याची ही कथा आहे. ‘कैफियत’ हा मराठीतील जुना शब्द येथे नेमका लागू पडतो. कैफियत म्हणजे नुसते गाऱ्हाणे नव्हे. आपल्यावरील आरोपाला उत्तर म्हणून आपली हकीकत क्रमवार मांडणे, असा त्याचा अर्थ आहे. सोगोलोनवर आणि तिच्या मुलावर समाजाने ठेवलेल्या आरोपाचे उत्तर म्हणून हा पूर्वार्ध वाचला, तर संपूर्ण आख्यानाचा तोल बदलतो.

आख्यानाची एकच एक प्रमाण संहिता नाही, हे प्रारंभीच लक्षात घ्यावयास हवे. जेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, वंशपरंपरेने कथनाचा आणि स्तुतिगायनाचा व्यवसाय करणाऱ्या समाजाने ते जतन केले. फ्रेंच भाषेने या कथनकारांना ‘ग्रियो’ हे नाव दिले. गिनीचे इतिहासकार जिब्रिल तामसिर निआन यांनी मामादू कुयाते या जेलीकडून ऐकलेले आख्यान १९६० साली फ्रेंच गद्यात प्रसिद्ध केले, आणि १९६५ साली झालेल्या त्याच्या इंग्रजी भाषांतरामुळे ते जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचले. पुढे गॉर्डन इनिस यांनी गांबियातील तीन पाठ १९७४ साली प्रसिद्ध केले. गिनीचेच कादंबरीकार कामारा लाये यांनी १९७८ साली आपली पुनर्कथा दिली. मालीतील फा-दिगी सिसोको यांचे कथन जॉन विल्यम जॉन्सन यांच्या भाषांतरातून १९८६ साली आले. या पाठांत तपशिलांची भिन्नता पुष्कळ आहे. मूल किती वर्षे रांगत राहिले, त्याच्या अपंगत्वाचे कारण काय, ते कशाच्या आधाराने उठले, याविषयी कथनकारांचे एकमत नाही. मात्र आई आणि तिचे रांगणारे मूल या जोडीवाचून सुंजाताची कथा सुरू होत नाही, याबाबतीत या परंपरेची एकवाक्यता आहे.

निआन यांच्या पाठात सोगोलोन केजू ही स्वतःच उपहासाचा विषय आहे. ती कुबडी आहे, कुरूप आहे. दो प्रदेशातून दोन शिकारी तिला नियानीच्या दरबारात आणतात आणि राजा माघान कोन फाता तिच्याशी विवाह करतो. त्याचे कारण प्रेम नव्हे. अशा स्त्रीच्या पोटी थोर पुत्र जन्मेल, असे भाकीत त्याला ऐकविलेले असते. म्हणजे राजवाड्यात तिचा प्रवेशच मुळी एका अटीवर झालेला आहे. तिने भाकीत खरे करून दाखविले तरच तिच्या शरीराला क्षमा मिळणार आहे. पुढे मूल जन्मते, आणि ते चालत नाही. आईच्या देहावर आधीच उमटलेला समाजाचा शिक्का मुलाच्या पायांवर दुसऱ्यांदा उमटतो. आख्यानकाराने ही जोडी सहेतुकपणे रचलेली दिसते. मुलाची बाजू मांडणारी व्यक्ती स्वतः प्रतिष्ठित असती, तर ही कैफियत दयेची झाली असती. जिला स्वतःलाच कोणी ऐकून घेत नाही तिने दुसऱ्याची बाजू मांडावयाची आहे, हे या प्रसंगाचे खरे वजन आहे.

त्यानंतरची सात वर्षे निआन यांच्या पाठात थोड्या पृष्ठांत सांगितली असली, तरी त्यांतील तपशील विलक्षण वास्तव आहे. मूल तीन वर्षांचे झाले तरी रांगते, क्वचितच बोलते, खाण्याकडे त्याची ओढ असते. आई त्याच्या वयाची मुले खेळावयास बोलावते, परंतु ते आपल्या बळकट हातांनी त्यांना मारते आणि मुले येईनाशी होतात. वनौषधींचे जेवढे ज्ञान तिला आहे तेवढे ती पणाला लावते, पण गुण येत नाही. राजाचे मन तिच्यावरून उडते आणि तो आणखी एक विवाह करतो. थोरली राणी सासुमा बेरेते आपल्या धावत्या-खेळत्या मुलाची आणि सोगोलोनच्या अंगणात रांगणाऱ्या मुलाची तुलना सर्वांदेखत करीत राहते. या काळात धीर देणारा एक आवाज आहे, तो नियानीच्या वृद्ध लोहार-द्रष्ट्याचा. मोठ्या वृक्षाची वाढ सावकाश होते, या आशयाचे तो राजाला सांगतो. हा द्रष्टा आंधळा आहे. अपंगत्वाकडे केवळ अभाव म्हणून न पाहण्याची एक वाट आख्यानाने येथे क्षणभर मोकळी केली आहे. मुलाला खेळायला सोबती मिळावेत म्हणून केलेले आर्जव, उपचारांमागून उपचार, पतीचे दूर जाणे, नातलगांतील तुलना हे सारे तेराव्या शतकातील राजघराण्याचे म्हणून सांगितले जाते. पण कोणत्याही काळातील अशा आईला ते परके वाटणार नाही.

राजाच्या मृत्यूनंतर सासुमाचा मुलगा दंकारान तुमान गादीवर येतो, आणि सोगोलोनला मुलांसह वाड्याच्या मागील अंगणात ढकलले जाते. गावामागच्या लहानशा बागेत भाजी पिकवून ती गुजराण करते. एके दिवशी रांधताना तिला बाओबाबची पाने कमी पडतात. मराठी मुलखात गोरखचिंच म्हणून ओळखला जाणारा हा वृक्ष तिकडच्या रोजच्या स्वयंपाकाचा भाग आहे, त्याची पाने कालवणात घालतात. ती थोडी पाने मागावयास सासुमाकडे जाते. सासुमा पाने देते, पण माझा मुलगा सात वर्षांचा असताना ती मला आणून देत असे, हे ऐकविल्यावाचून देत नाही. महाकाव्याची कलाटणी अशा रीतीने युद्धावर, शापावर किंवा दैवी संकेतावर बेतलेली नाही. ती मूठभर पानांवर बेतलेली आहे. चुलीपाशी जे अपमान होतात त्यांची नोंद इतिहास घेत नाही. जेलीने ती घेतली.

याच्या पुढचा क्षण या आख्यानातील सर्वांत धाडसी क्षण होय. अपमानाने विदीर्ण झालेली सोगोलोन घरी येते, एक लाकूड उचलते आणि मुलाला मारते. आपल्या अप्रतिष्ठेचे खापर ती त्याच्याच माथी फोडते. सात वर्षे ज्याची बाजू तिने मांडली त्याच्याविरुद्ध ती जगाचीच भाषा बोलते. मातृत्वाचे दैवतीकरण करणाऱ्या परंपरेने हा प्रसंग गाळला असता किंवा सौम्य केला असता. निआन यांच्या पाठातील कथनकाराने तो गाळलेला नाही आणि त्याबद्दल सोगोलोनची निंदाही केलेली नाही. समाजाचा आरोप दीर्घकाळ ऐकत राहिलेल्या माणसाच्या तोंडी शेवटी तोच आरोप येतो, हे मानसशास्त्रीय सत्य येथे कोणत्याही भाष्याविना प्रकट झाले आहे. आणि या क्षणी सांत्वन करतो तो मुलगा. आज आपण चालणार, असे तो आईला सांगतो. लोहारांकडून जड लोखंडी दांडा मागवितो आणि नुसती पाने हवीत की सारे झाडच, असे विचारतो. आईने आजवर मुलाची बाजू मांडली. आता मूल आईची बाजू घेते. कैफियतीची दिशा येथे उलटते.

निआन यांच्या पाठात सुंजाता त्या दांड्याच्या आधाराने उभा राहतो, दांडा धनुष्यासारखा वाकतो, बाला फासेके हा त्याचा जेली तत्क्षणी धनुष्याचे गीत गातो, आणि मुलगा बाओबाब मुळासकट उपटून आईच्या झोपडीसमोर आणून टाकतो. हा प्रसंग भव्य आहे, परंतु इतर पाठांशी ताडून पाहिल्यावर त्याचे खरे महत्त्व कळते. मालीतील पाठपरंपरेत लोखंडाची जागा आईने स्वतःच्या सचोटीच्या बळावर तोडून आणलेल्या झाडाच्या काठीने घेतलेली आढळते. इनिस यांनी प्रसिद्ध केलेल्या पाठांपैकी बांबा सुसो यांच्या कथनात तर लोखंडाचा उपयोगच होत नाही. तेथे मुलगा आईला बोलावतो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि उभा राहतो. एकाच घटनेचे हे निरनिराळे अन्वयार्थ आहेत. लोखंडी दांड्याच्या पाठात उभे राहणे हे पराक्रमाचे पहिले चिन्ह ठरते आणि सामर्थ्य मुलाच्या देहातून प्रकट होते. काठीच्या पाठात आईच्या चारित्र्याची साक्ष निर्णायक ठरते. खांद्याच्या पाठात या दोहोंचीही गरज उरत नाही. तेथे आधार हाच चमत्कार आहे. वीरगाथा म्हणून पहिला पाठ अधिक प्रभावी असला, तरी माणसाच्या अनुभवाशी तिसरा पाठ अधिक जवळचा आहे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळून या आख्यानाचे मूल्यमापन करता येणार नाही. सोगोलोनची कैफियत जिंकली ती मूल उभे राहिले म्हणून. ते उठलेच नसते तर? जी मुले कधीच चालत नाहीत, कधीच बोलत नाहीत, त्यांच्या आयांना हे आख्यान काय देते? कथेने अपंग देहाला सरळ करूनच न्याय द्यावा, ही प्रवृत्ती केवळ मांडे परंपरेची नाही. महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राची कथा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. ‘ही तुझ्या पित्याची मांडी नव्हे’ या आशयाच्या शब्दांनी दुखावलेला बालक आई सुजातेकडे येतो, आणि तिने आजवर लपविलेली पित्याच्या मृत्यूची हकीकत ती त्याला सांगते. आईने सांगितलेली ही कथाच त्याला जनकाच्या सभेत घेऊन जाते. तेथे वक्र देहानिशीच तो वादात जिंकतो. कथा येथे संपती तर तिचा अर्थ निराळा झाला असता. पण परतीच्या वाटेवर समंगा नदीत स्नान करून त्याचे अवयव सरळ होतात. विजय मिळाल्यानंतरही देह दुरुस्त केल्यावाचून कथेचे समाधान होत नाही. नियानीच्या अंगणात आणि समंगेच्या काठी एकच सांस्कृतिक अस्वस्थता कार्यरत आहे. श्रोत्यांना त्या मुलाचा स्वीकार करावयाचा आहे, पण तो जसा आहे तसा नव्हे.

आधुनिक आफ्रिकी साहित्याने या अस्वस्थतेशी सामना केला आहे. घानाचे लेखक आणि चित्रकार मेशॅक असारे यांचे ‘सोसूज कॉल’ हे बालपुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झाले. सहिष्णुतेच्या प्रसारासाठी लिहिलेल्या बालसाहित्याचा युनेस्को पुरस्कार १९९९ साली त्याला मिळाला. समुद्र आणि खाजण यांमधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या गावातील सोसू या मुलाला चालता येत नाही. वडिलांनी त्याला होडीतून नेले, तर असे मूल बरोबर आणणे अशुभ आहे, असे इतर मच्छीमार सुनावतात. मग तो घरीच राहतो. एके दिवशी गावातील धडधाकट माणसे कामावर गेली असताना वादळ उठते. सोसू आपल्या कुत्र्याच्या सोबतीने सरपटत नगाऱ्यापर्यंत पोहोचतो, तो वाजवून सर्वांना परत बोलावतो आणि गाव वाचवतो. शेवटी त्याला चाकांची खुर्ची मिळते, पाय मिळत नाहीत. सुंजाताच्या आख्यानापासून असारे यांनी टाकलेले हे पाऊल मोलाचे आहे, कारण येथे बदलावे लागते ते गावाला, मुलाच्या देहाला नव्हे. तरीही अर्धी अट शिल्लकच आहे. सोसूला गावाचा प्राणदाता व्हावे लागते. वादळ आले नसते तर सोसू घरातच राहिला असता काय, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर मागे उरतो. बालपुस्तकाकडून त्याचे पूर्ण उत्तर अपेक्षिणे अन्यायाचे होईल, पण समीक्षेने तो विचारला पाहिजे.

त्याचे सर्वांत कठोर उत्तर जे. एम. कोएत्झी यांच्या ‘लाइफ अँड टाइम्स ऑफ मायकेल के’ या १९८३ सालच्या दक्षिण आफ्रिकी कादंबरीत मिळते. मायकेल दुभंगलेल्या ओठांनिशी जन्मतो. त्याला दूध ओढता येत नाही, म्हणून चमच्याने पाजावे लागते. केप टाउनमध्ये इतरांच्या घरची फरशी पुसणारी त्याची आई आना त्याला कामावर बरोबर नेते. पण लोकांचे हसणे-कुजबुजणे सहन न होऊन ती त्याला इतर मुलांपासून दूर ठेवते. सोगोलोन मुलासाठी सोबती बोलावते, आना त्याला सोबत्यांपासून लपविते. एकीपाशी वंश आहे, भाकीत आहे, जेली आहे. दुसरीपाशी मजुरी आहे आणि वर्णभेदाची राज्यव्यवस्था आहे. पुढे मायकेल सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत वाढतो. तरीही आजारी आईला गावाकडे नेण्यासाठी हातगाडी तयार करून ती ओढणारा तोच असतो. आई वाटेतच मरते, आणि तो तिची रक्षा घेऊन पुढे जातो. या मायकेलच्या वाट्याला कोणताही पराक्रम येत नाही. तो कोणाला वाचवीत नाही, काही सिद्ध करीत नाही. त्याची हकीकत काढून घेऊ पाहणाऱ्या डॉक्टरालाही तो ती देत नाही. आईने ज्याची कैफियत कधी मांडली नाही असे मूल आपली गोष्ट स्वतःलाही सांगू शकत नाही, इतक्या टोकापर्यंत कोएत्झी वाचकाला नेतात, आणि तरीही त्या माणसाचे मोल कमी झाल्याचे जाणवू देत नाहीत. सुंजाताच्या आख्यानात जे उत्तर नाही ते या मौनात आहे. मात्र त्या मौनाची किंमत काय असते, हे सोगोलोनची कथा ठाऊक असल्यावाचून उमगत नाही.

येथे कथनाच्या अधिकाराचा प्रश्न उपस्थित होतो. सोगोलोनची कैफियत प्रत्यक्षात सोगोलोन सांगत नाही. मांडे परंपरेत स्त्रिया गीते गातात, स्तुती गातात, परंतु दीर्घ आख्यान सांगण्याचा मान बहुशः पुरुष जेलींकडे राहिला आहे. आईचे दुःख पुरुषाच्या वाणीतून, राजवंशाच्या गौरवासाठी सांगितले गेले. म्हणूनच त्याला विजयाचा शेवट आवश्यक ठरला. आफ्रिकी संघाने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार जानेवारी २०१८ मध्ये स्वीकारला. अपंगत्वाला शाप किंवा कलंक मानणाऱ्या प्रथांचा प्रश्न त्यामुळे हक्कांच्या भाषेत मांडला गेला. हक्काची भाषा आवश्यकच आहे, पण हक्क मान्य होण्यापूर्वी ज्याचा हक्क आहे ते माणूस दिसावे लागते, आणि ते दाखविण्याचे काम कथा करते. सात वर्षे रांगणाऱ्या मुलाकडे पाहावयास जेली श्रोत्यांना भाग पाडतो. श्रोत्यांना शेवट ठाऊक असतो, तरी ती सात वर्षे त्यांना ओलांडता येत नाहीत. आख्यानाचे नैतिक सामर्थ्य बाओबाब उपटण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक या थांबवून ठेवण्यात आहे.

आख्यानाच्या उत्तरार्धात हद्दपारीच्या वाटेवरही सोगोलोन मुलांबरोबर आहे. मुलाला मालीकडे परत बोलावणे येते त्याच सुमारास मेमा येथे तिचा मृत्यू होतो. तिच्या दफनाच्या भूमीसाठी तेथील राजा मोबदला मागतो, तेव्हा सुंजाता मडक्यांचे तुकडे, पक्ष्यांची पिसे आणि गवत पाठवून त्या नगराच्या विनाशाचा इशारा देतो. जिच्यापायी तो प्रथम उभा राहिला तिला मातीत जागा मिळावी म्हणून तो दुसऱ्यांदा उभा राहतो. मुलाचे राज्य पाहणे तिच्या नशिबी नाही. पण आख्यानाने तिला एक वेगळे स्थान दिले आहे, आणि ते खुद्द नायकाच्या नावात आहे. अनेक स्त्रियांच्या घरात मूल ओळखले जावे म्हणून त्याच्या नावाआधी आईचे नाव लावण्याची मांडे समाजाची रीत आहे. जाता म्हणजे सिंह. सोगोलोनचा जाता म्हणून सोगोलोन-जाता, आणि जलद उच्चारात सोंजाता, सुंजाता, अशी या नावाची व्युत्पत्ती कथनकारच देतात.

साम्राज्य लयाला गेले. नाव मात्र आजही उच्चारले जाते, आणि दर उच्चारात कुबड्या, कुरूप म्हणून हिणविल्या गेलेल्या त्या स्त्रीचे नाव आधी येते. बांबा सुसोंच्या पाठात मुलगा आईच्या खांद्यावर हात ठेवून उठतो. नावाच्या रचनेत तोच हात कायमचा टेकलेला आहे. मूल उभे राहो वा न राहो, गाव वाचवो वा न वाचवो, त्याची ओळख त्याला न सोडणाऱ्या माणसाच्या नावाने व्हावी, ही शक्यता या प्राचीन आख्यानाने भाषेतच जपून ठेवली आहे. अशा मुलांविषयी यापुढे लिहिल्या जाणाऱ्या कथांची, मग त्या आफ्रिकेतील असोत वा भारतातील, कसोटी हीच राहील की त्या शेवटी मुलाकडे पुरावा मागतात, की त्याच्यापुढे खांदा करतात.